राक्षस घडवणारीचं नाव

(कार्यकर्त्यांच्या निवासी अभ्यासशिबिरात 'प्रसारमाध्यमं आणि स्त्रिया' या सत्रात केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)

या सत्रात आपण नेहमी जे बोलतो ते कालपासून इथे बरंच बोलून झालं आहे. जाहिरातींतली बाई, मालिकांमधल्या सासवा-सुना, बलात्काराच्या बातमीची भाषा. माझ्यापेक्षा अनुभवी मैत्रिणींनी ते माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. म्हणून संयोजकांची परवानगी काढून मी जरा भलत्याच गोष्टीवर बोलणार आहे. राक्षसांच्या सिनेमांचं वेड असलेल्या लोकांसाठी अमेरिकेत निघालेलं एक नियतकालिक, हा माझा विषय आहे. हसा, हसा. मीही हसलेच होते.

झालं असं, की माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. मागे तो दिवाळीला आला तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक जुना अंक होता. मुखपृष्ठावर हिरव्या-पिवळ्या रंगांत रंगवलेला एक भयानक चेहरा. मी हात पुढे केला तर म्हणाला, "ताई, आधी हात धुऊन ये." चाळिशीतला, दोन मुलांचा बाप असलेला माणूस! मी समुपदेशन केंद्रात काम करते, दिवसभर माणसंच इतकी पाहते की राक्षसांची भीती फारशी उरलेली नाही. पण कुतूहल वाटलं. त्या सुट्टीत तो अंक वाचला, मग मिळेल तिथून त्याबद्दल वाचत गेले, आणि वाचता वाचता एका बाईच्या गोष्टीपाशी येऊन थांबले. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. पण आधी त्या नियतकालिकाची ओळख करून द्यायला हवी.

त्याचं नाव 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड'. पहिला अंक १९५८च्या फेब्रुवारीत निघाला, किंमत पस्तीस सेंट. प्रकाशक जेम्स वॉरन आणि संपादक फॉरेस्ट अ‍ॅकरमन. खरं तर एकच अंक काढायचा बेत होता. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९५७मध्ये, युनिव्हर्सल स्टुडिओचे जुने बावन्न भयपट आणि रहस्यपट एकगठ्ठा टीव्हीवर दाखवायला दिले गेले होते. फ्रँकेन्स्टाइन, ड्रॅक्युला, ममी, असले वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे सिनेमे रात्री उशिरा घराघरांत दिसू लागले आणि दहा-बारा वर्षांची पोरं त्यांच्या नादी लागली. त्या पोरांना हा अंक सापडला. एकाचे दोन, दोनाचे दहा असं करत १९८३पर्यंत हे नियतकालिक चाललं, एकशे नव्वदच्या वर अंक निघाले. पुढे इतरांनी ते पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न केले, पण चाहते ज्याबद्दल बोलतात तो हाच काळ.

आत काय असायचं? अ‍ॅकरमन यांच्या स्वतःच्या संग्रहातली सिनेमांची छायाचित्रं, सिनेमांच्या गोष्टी, नटांची माहिती, आणि सगळीकडे शाब्दिक कोट्या. वाचकांच्या पत्रांच्या सदराचं नाव 'फॅन मेल' नाही, 'फँग मेल'. फँग म्हणजे सुळा. विनोदाची पातळी अशी, पाचवी-सहावीतल्या मुलांना बेहद्द आवडेल आणि त्यांच्या शिक्षकांना अजिबात आवडणार नाही. मागच्या पानांवर टपालाने मागवायच्या वस्तू असत : रबराचे मुखवटे, घरी पडद्यावर दाखवायची छोटी फिल्मची रिळं, जोडून बनवायचे राक्षसांचे पुतळे. स्टीफन किंग हा आज जगभर वाचला जाणारा भयकथालेखक, स्टीव्हन स्पीलबर्ग, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दिग्दर्शक पीटर जॅक्सन, ही सगळी लहानपणी हे नियतकालिक वाचून वाढलेली माणसं. आपल्या आईने अंक कचऱ्यात टाकले, हे दुःख पन्नास वर्षांनंतरही सांगणारे चाहते आहेत. (ती आई रोज ती खोली झाडत असणार, हे मात्र कुणी सांगत नाही.)

मला यातली एक गोष्ट मनापासून आवडली. सिनेमाचं कौतुक करताना आपण नट-नटी पाहतो, फार तर दिग्दर्शक. या नियतकालिकाने पोरांना मुखवट्यामागचा माणूस पाहायला शिकवलं. १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला तो चपट्या डोक्याचा राक्षस बोरिस कार्लोफ यांनी केला, पण तो चेहरा रोज चार-चार तास खपून जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने उभा केला होता. स्टुडिओने या पिअर्सना चाळीसच्या दशकात नोकरीवरून काढून टाकलं. १९६८मध्ये ते वारले तेव्हा सिनेमाच्या जगाला त्यांची फारशी आठवण नव्हती. आठवण होती ती या अंकाच्या वाचकांना. १९६५मध्ये त्याच प्रकाशकाने डिक स्मिथ या रंगभूषाकाराची 'घरच्या घरी राक्षस कसा बनवावा' अशी एक पुस्तिकाच काढली. स्वयंपाकघरातल्या आणि औषधांच्या दुकानातल्या वस्तू वापरून जखमा, सुरकुत्या, राक्षस. रिक बेकर नावाचा मुलगा या सगळ्यातून शिकला आणि १९८२मध्ये रंगभूषेचं वेगळं ऑस्कर दरवर्षी द्यायला सुरुवात झाली तेव्हा ते पहिलं त्याला मिळालं. म्हणजे पोरखेळ म्हणून ज्याला नाकं मुरडली गेली ते एक प्रकारचं शिक्षण होतं. ज्या कामाला कारागिरी म्हणून मागच्या दाराने आत घेतात, त्या कामाला नाव देणारं शिक्षण. श्रमाला नाव मिळावं, हे आपण तरी दुसरं काय म्हणतो?

आता प्रश्न असा, की या नावांमध्ये बाया कुठे होत्या?

चित्रांत होत्या, भरपूर. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा मुखवटा घातलेला पुरुष आहे आणि त्याला बिलगलेली एक सोनेरी केसांची मॉडेल. मुखवट्यामागे खुद्द प्रकाशक वॉरनसाहेब. त्याआधी ते बायांचे फोटो छापणारं, पुरुषांसाठीचं एक मासिक चालवत होते, तेव्हा ही नजर कुठून आली ते वेगळं सांगायला नको. आणि सिनेमांतली बाई तर तुम्हाला माहीतच आहे. ती किंचाळते, शुद्ध हरपते, मग राक्षस तिला दोन्ही हातांवर आडवी घेऊन चालू लागतो. १९३३च्या 'किंग काँग'मधली फे रे आयुष्यभर किंचाळणारी बाई म्हणून ओळखली गेली. त्याच 'किंग काँग'च्या पटकथेवर रूथ रोज या बाईचं नाव आहे. ती स्वतः शास्त्रज्ञांच्या मोहिमांबरोबर गालापागोस बेटांवर आणि गयानाच्या जंगलात जाऊन आलेली होती. जहाज घेऊन अज्ञात बेटावर जाणाऱ्या माणसांचं बोलणं तिने ऐकीव माहितीवर लिहिलं नव्हतं. पण आठवते ती किंकाळी.

फ्रँकेन्स्टाइनची तर आणखी गंमत. ही गोष्ट लिहिणारी मेरी शेली ही मेरी वुल्स्टनक्राफ्टची मुलगी. स्त्रियांच्या हक्कांवर १७९२मध्ये पुस्तक लिहिणारी ती वुल्स्टनक्राफ्ट, जिचं नाव आपण अभ्यासवर्गात घेतो. ती या मुलीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत बाळंतरोगाने गेली. मुलीने अठराव्या वर्षी ही कादंबरी लिहायला घेतली. त्याच्या आदल्या वर्षी तिचं स्वतःचं पहिलं बाळ, दिवस पुरे न होता जन्मलेलं, गेलं होतं. जीव निर्माण करणं आणि निर्माण केलेल्या जिवाला टाकून पळून जाणं, ही गोष्ट अशा मुलीने लिहिली आहे हे लक्षात ठेवून ती कादंबरी वाचा, वेगळीच दिसते. १८१८मध्ये पुस्तक निघालं ते नावाशिवाय. प्रस्तावना नवऱ्याची, म्हणून लोकांनी पुस्तकही त्याचंच धरलं. आणि ११३ वर्षांनी, १९३१मध्ये, सिनेमा निघाला तेव्हा पडद्यावर मूळ लेखिकेचं नाव काय आलं? 'मिसेस पर्सी बी. शेली'. आपल्या लग्नपत्रिकांत 'सौ. व श्री.'च्या पुढे फक्त श्रींचं नाव येतं, तसं. त्याच श्रेयनामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं होतं, उत्सुकता वाढवायला. पण कार्लोफचं नाव शेवटी तरी झळकलं.

चार वर्षांनी याचा पुढचा भाग आला, 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'. त्यात एल्सा लँचेस्टर या नटीने मेरी शेलीही केली आणि राक्षसासाठी बनवलेली नवरीही. नवरी पडद्यावर येते ती अगदी शेवटी, जेमतेम काही मिनिटं. प्रेतांचे तुकडे जोडून तिला 'त्याच्यासाठी' बनवलंय, तिला विचारलेलं नाही. ती डोळे उघडते, त्याच्याकडे पाहते आणि किंचाळते. मी ते दृश्य कांदेपोहे डोळ्यांसमोर ठेवून पाहिलं. बाकी सिनेमांत बाई भीतीने किंचाळते. इथे ते माझ्या मते सरळसरळ 'नाही' आहे. आणि हे 'नाही' ऐकल्यावर तो काय करतो? तरफ ओढून सगळी प्रयोगशाळा उडवून देतो, तिच्यासकट. आपल्या केंद्रात येणाऱ्या मुलींच्या गोष्टींत तरफ नसते, पेट्रोल असतं, अ‍ॅसिड असतं.

असो. ज्या बाईसाठी मी हे सगळं सांगते आहे तिच्याकडे येते.

१९५४मध्ये 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' नावाचा सिनेमा आला. अ‍ॅमेझॉनच्या एका डोहात राहणारा, अर्धा मासा आणि अर्धा माणूस असा प्राणी. अंगभर खवले, गळ्याशी कल्ले, बोटांमध्ये पडदे. नायिका पाण्यावर पोहते आहे आणि तिच्या खाली, उताणा होऊन, तिच्या लयीत तो पोहतो आहे, हे दृश्य अजून लोक विसरलेले नाहीत. २०१७चा 'द शेप ऑफ वॉटर' पाहिला असेल तुमच्यापैकी कुणी, त्याला ऑस्कर मिळालं. त्याचा दिग्दर्शक लहानपणी या जुन्या सिनेमाने झपाटलेला होता. तर या कल्लेवाल्या प्राण्याचं रूप कुणी योजलं? पडद्यावर रंगभूषेसाठी एकच नाव होतं : बड वेस्टमोर, युनिव्हर्सलच्या रंगभूषा विभागाचे प्रमुख.

रूप योजलं होतं मिलिसेंट पॅट्रिकने. १९१५मध्ये टेक्ससमधल्या एल पासोत जन्मलेली. तिचे वडील बांधकामावरचे मुख्य देखरेख करणारे. कॅलिफोर्नियातल्या हर्स्ट यांच्या प्रचंड वाड्याच्या कामावर ते होते. त्या वाड्याची वास्तुरचना एका बाईची, ज्युलिया मॉर्गनची. म्हणजे बाईच्या नकाशाबरहुकूम डोंगरावर इमारत उभी राहते, हे मिलिसेंटने लहानपणी पाहिलेलं होतं. पुढे तिने चित्रकलेचं शिक्षण घेतलं आणि १९३९च्या सुमाराला ती डिस्नेच्या स्टुडिओत लागली. तिथे बायांना काम मिळायचं ते शाई आणि रंग भरण्याच्या विभागात. पुरुषांनी काढलेली चित्रं पारदर्शक कागदावर गिरवायची, रंगवायची. शेकडो मुली, मान मोडेपर्यंत काम. तिथून चलच्चित्रांच्या विभागात जाऊ शकलेल्या अगदी पहिल्या काही बायांपैकी ती एक. 'फँटेशिया'मध्ये डोंगराएवढा काळा दैत्य पंख पसरतो त्या भागावर तिने काम केलं. नंतर सिनेमात छोट्या-छोट्या भूमिका केल्या, आणि चित्रं काढताना कुणाच्या नजरेस पडल्यामुळे युनिव्हर्सलच्या रंगभूषा विभागात आली. अशा विभागात राक्षसांची रूपं योजण्याचं काम करणारी ती पहिलीच बाई.

इथे एक स्पष्ट करते. तो प्राणी तिने एकटीने बनवला असं कुणी म्हणत नाही. शिल्प ख्रिस म्युलर यांचं, रबराचा पोशाख तयार करण्यात जॅक केवन, पाण्यात पोहणारा रिकू ब्राउनिंग, जमिनीवर चालणारा बेन चॅपमन. असं काम अनेक हातांचं असतं. पण कागदावर पहिल्यांदा तो जिवंत झाला तो तिच्या हाताने.

स्टुडिओला हे ठाऊक होतंच. शिवाय ती दिसायला सुंदर होती, त्यामुळे जाहिरात विभागाला वाटलं, हिलाच गावोगाव पाठवू. दौऱ्याचं नाव ठरलं, 'पशू निर्माण करणारी सुंदरी'. हे ऐकून वेस्टमोर बिथरले. त्यांनी वरिष्ठांना कळवलं की हा प्राणी माझा आहे, श्रेय माझं आहे. मग दौऱ्याचं नाव बदललं. काय झालं असेल? 'पशूबरोबर राहणारी सुंदरी'. दोन्ही नावं शेजारी ठेवून बघा, मैत्रिणींनो. सुंदरी दोन्हींत आहे. पशू दोन्हींत आहे. फक्त एक क्रियापद काढून घेतलं. घडवणारी होती, ती सोबतीण झाली. एखाद्या बाईचं काम कसं नाहीसं करायचं याचा इतका स्वच्छ नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

ती दौऱ्यावर गेली. मुलाखतींमध्ये तिने श्रेय वेस्टमोर यांनाच दिलं. तरीही उपयोग झाला नाही. ती परत येईपर्यंत वेस्टमोर यांनी ठरवून टाकलं होतं की या बाईला पुन्हा काम द्यायचं नाही, आणि दिलंही नाही. त्यानंतर तिने पडद्यामागे राक्षस घडवले नाहीत. छोट्या भूमिका करत राहिली. १९९८मध्ये वारली. तेव्हा तो कल्लेवाला प्राणी मुलांच्या डब्यांवर, बनियनांवर, खेळण्यांवर येऊन किती वर्षं झाली होती!

आणि आता मूळ मुद्द्याकडे येते, त्या नियतकालिकांकडे. 'फेमस मॉन्स्टर्स' आणि त्याच्यामागून निघालेली तसलीच डझनभर नियतकालिकं कशाच्या आधारावर लिहिली जात? पडद्यावरची श्रेयनामावली, स्टुडिओने पुरवलेली छायाचित्रं, आणि ज्यांच्याशी ओळख आहे त्यांच्या आठवणी. हे तिन्ही ज्यांच्या हातात, इतिहास त्यांचा. मिलिसेंटचे फोटो आजही मिळतात : ती कागदावर राक्षस रंगवते आहे, मुखवट्याला हात लावून उभी आहे. फोटोत काम दिसतंय. पण पाहणाऱ्याला ती जाहिरातीसाठी उभी केलेली मॉडेलच वाटते, कारण त्या पानांवर बाई कशासाठी असते हे आधीच ठरलेलं आहे. कुणी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. खोटं न लिहिताही माणूस पुसला जातो.

तिला परत आणलं ते मात्र अशाच एका वेड्या चाहतीने. मॅलरी ओमेरा ही भयपटांच्या निर्मितीत काम करणारी तरुण बाई. किशोरवयात तिने मिलिसेंटचा तो फोटो पाहिला आणि तिला वाटलं, म्हणजे हे काम बाई करू शकते तर! पुढे तिने हातावर मिलिसेंट आणि तो प्राणी गोंदवून घेतला, कागदपत्रं धुंडाळली, आणि २०१९मध्ये 'द लेडी फ्रॉम द ब्लॅक लगून' हे चरित्र लिहिलं. हे काम कुठल्या विद्यापीठाने नाही केलं. हे मला महत्त्वाचं वाटतं. चाहत्यांच्या त्या वेडात जे चुकलं, ते दुरुस्त करणारी त्याच वेडातून आली.

असाच एक धागा आणखी आहे, तो थोडक्यात सांगते. याच वॉरन यांच्या कंपनीने १९६९मध्ये 'व्हँपिरेला' नावाचं चित्रकथांचं नियतकालिक काढलं. नायिका रक्तपिपासू आणि अंगावर कपडे नावाला. तो पोशाख योजला होता ट्रीना रॉबिन्सने. हीच ट्रीना पुढच्या वर्षी, १९७०मध्ये, फक्त बायांनी काढलेलं अमेरिकेतलं पहिलं चित्रकथांचं पुस्तक काढणाऱ्यांपैकी एक होती, आणि नंतर चित्रकथा काढणाऱ्या विसरलेल्या बायांचा इतिहास लिहिण्यात तिने हयात घालवली. २०२४मध्ये ती गेली. तिची तक्रार होती की मी दिलेला पोशाख पुढच्या चित्रकारांनी कमी कमी करत नेला. कुणी म्हणेल, मुळातच तो द्यायचा कशाला? या प्रश्नावर आपण चहाच्या वेळी भांडू. मला तिच्याबद्दल राग येत नाही. पोट भरण्यासाठी मिळेल ते काम करताना आणि त्याच हाताने चळवळ करताना आपणही कमी कसरती करत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं. मग मुंबईत या. हिंदी-मराठी सिनेमाच्या रंगभूषाकारांची मुंबईत एक संघटना आहे. तिचं कार्ड नसेल तर चित्रीकरणाच्या जागी काम करता येत नसे. या संघटनेत सुमारे सहा दशकं नियम असा होता की बाईला केशभूषाकार म्हणून कार्ड मिळेल, रंगभूषाकार म्हणून मिळणार नाही. केसाला हात लावायचा, चेहऱ्याला नाही. कारण काय? बाया आल्या तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल. चारू खुराना ही अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संस्थेत सिनेमाच्या रंगभूषेचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. म्हणजे जिथे मिलिसेंटचं काम काढून घेतलं गेलं, त्याच परिसरात ती हे काम शिकली होती, आणि मुंबईत तिला सांगण्यात आलं की तू बाई आहेस. ती आणि तिच्या काही सहकारी बाया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला की असा नियम घटनेच्या विरुद्ध आहे, बायांना कार्ड द्यावंच लागेल. २०१४! पस्तिशीच्या मैत्रिणींनो, आपण तेव्हा कॉलेज संपवून नोकरीला लागलो होतो. त्याआधी आपण पाहिलेल्या कितीतरी सिनेमांत नटीच्या गालावरचा रंग बाईनेच लावला असेल, व्हॅनिटी व्हॅनचं दार लावून, चोरून. तिचं नाव कुठल्या श्रेयनामावलीत शोधणार?

आता शेवटचं, आणि हे सांगायला मला जड जातं आहे.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर माझी पहिली नोकरी एका संस्थेत होती. नाव घेत नाही. बायांचा पाणी भरण्यात किती वेळ जातो याचा अभ्यास आम्ही काही गावांत केला. मी कॉलेजात शिकल्याप्रमाणे लांबलचक प्रश्नावली बनवून नेली. तिचा पार बोऱ्या वाजला. सकाळपासून किती खेपा झाल्या हे संध्याकाळी कुणाला आठवणार? तेव्हा पाहणीचं काम करणाऱ्या गावातल्या चौदा जणींपैकी एक ताई म्हणाली, "कागद ठेवा बाजूला. दाराशी वाटी ठेवू. हंडा आला की एक चिंचोका टाकायचा. पोर पाठवलं तर कवडी टाकायची." झालं. आठवड्यात आमच्याकडे जी माहिती जमली, ती माझ्या प्रश्नावलीला सात जन्मांत जमली नसती.

अहवाल निघाला. लेखन माझ्या नावावर, प्रस्तावना संचालकांची. आभारात एक ओळ : 'स्थानिक महिलांच्या सहकार्याने'. आत त्या ताईचा फोटो आहे, पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग. फोटोखाली छापलं आहे, 'एक लाभार्थी महिला'. ती ओळ मी लिहिली होती. त्यानंतर दोन परिसंवादांत मी 'लोकसहभागाची अभिनव पद्धत' म्हणून चिंचोके दाखवून टाळ्या घेतल्या. मिलिसेंटची गोष्ट वाचताना वेस्टमोरवर दात खात होते, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तो अहवाल आठवला. तिथे वेस्टमोर मीच आहे. मला कुणाचं काम चोरायचं नव्हतं. फक्त नाव लिहायचं सुचलं नाही. आणि न सुचण्याला मला पगार मिळत होता.

मागच्या उन्हाळ्यात मी त्या गावांत गेले. अहवालाची प्रत बरोबर घेतली होती. त्या ताईने तो कधी पाहिलाच नव्हता. चष्मा पुसून तिने फोटो बराच वेळ पाहिला, आणि म्हणाली, "चिंचोके माझे नव्हते हो. ती युक्ती माझ्या थोरल्या जावेची, ती दुधाचा हिशेब तसा ठेवायची. लिहिणार असाल तर तिचंबी लिहा."

लिहिणार आहे. अहवालाला एक पुरवणी जोडायची आहे, संस्थेशी पत्रव्यवहार चालू आहे. चौदापैकी अकरा जणींची नावं मिळाली, आणि ही जाऊ धरून बारा. तिघींचा पत्ता लागलेला नाही. दोघी लग्न होऊन गाव सोडून गेल्या, एक ऊसतोडीला जायची ती परतलीच नाही म्हणतात. या भागात काम करणाऱ्या तुमच्यापैकी काही जणी इथे आहेत. गावांची यादी मी त्या दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जेवणाच्या सुट्टीत जरा नजर टाका, आणि काही आठवलं तर मला येऊन सांगा.